पहिल्या भागातलं प्रेत

नांदेड,
३ ऑगस्ट २०२५

चि. सायली हीस,


तुझ्या मालिकेचा पहिला भाग वाचला. मोबाइलवर वाचणं डोळ्यांना झेपेना, म्हणून कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागद काढून आणले. त्यानं पहिलं पान चाळलं आणि ‘सर, हे तुम्ही लिहिलंय?’ असं बिचकत विचारलं. भाचीनं लिहिलंय म्हटल्यावर आणखीच बिचकला.

आधी चांगलं सांगतो. मेसवाल्या मावशींचा पोळ्यांचा हिशेब, टँकरवाला ‘निघालोच, रस्त्यात आहे’ म्हणतो तेव्हा मागून ऐकू येणारी घरातली टीव्हीची गाणी, रविवारच्या टेस्टचा निकाल भिंतीवर लागला की मुलींनी आधी दुसरीचे मार्क बघणं, हे सगळं लातूरच्या ट्यूशन एरियात वाढलेल्या माणसालाच सुचतं. मुंबईत बसून कुणाला जमणार नाही.

आता बाकीचं. हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत मुलीचं प्रेत सापडतं. मग मागे जाऊन खून, चार पानं. तार कशी आवळली जाते, नखं कशी रुततात, टाकीच्या झाकणाचा आवाज कसा येतो. मग खुन्याचं बालपण, त्याचा बाप, त्याचं एकटेपण, त्याला आवडणारं जुनं गाणं. आणि मुलगी? ‘नीटची विद्यार्थिनी, वय १८, दिसायला सुंदर.’ संपलं. तिला गाव नाही, आडनाव नाही. अगं, लातुरात राहणारी नीटची पोरगी आणि तिला गेल्या टेस्टचे मार्कसुद्धा नाहीत!

फोनवर तू म्हणालीस की तुमच्या वरच्यांना ‘डार्क’ हवंय. ‘डेक्स्टर’, ‘माइंडहंटर’, ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ अशी नावं त्यांनी फळ्यावर लिहून ठेवली आहेत. तुझी आई घाबरून मला म्हणाली, ‘दादा, तुम्ही समजावून सांगा, लेकरू हे काय बघतंय रात्र-रात्र.’ मी तुला बघू नकोस असं सांगायला लिहीत नाही. तुझ्या मामेभावाच्या कृपेनं मीही बरंच बघितलंय. ‘ब्रेकिंग बॅड’ तर मास्तर लोकांनी बघावीच, पगार आणि दवाखान्याचं बिल यांच्यामध्ये सापडलेला रसायनशास्त्राचा शिक्षक आम्हाला परका नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा तो २०१९ सालचा लढाईचा भाग मात्र मला दिसलाच नाही. इतका काळोख की अमेरिकेतल्या लोकांनीही तक्रारी केल्या, आणि छायाचित्रकारानं सांगितलं की आपापले टीव्ही नीट लावा. आम्ही मराठवाड्यातल्या लोकांनी लोडशेडिंगच्या काळात असल्या भरपूर लढाया फुकटात बघितल्या आहेत.

अमेरिकन पडदा पहिल्यापासून असा नव्हता, हे तुला माहीत असेल. १९३४ पासून तिथे कडक नियमावली पाळली जायची. गोळी सुटायची आणि माणूस रक्ताचा थेंब न सांडता पडायचा. तेही खोटंच. १९६७ च्या ‘बॉनी अँड क्लाइड’नं ते खोटेपण फोडलं. व्हिएतनामचं युद्ध रोज संध्याकाळी बातम्यांत दिसत होतं, तेव्हा सिनेमानं तरी किती सोवळं पाळावं? १९६८ च्या नोव्हेंबरात नियमावली गेली आणि वयानुसार प्रमाणपत्रं आली. पुढे पैसे भरून बघायच्या वाहिन्या आल्या. त्यांना जाहिरातदाराची भीती नव्हती, गिऱ्हाइकाला मोफत मिळत नाही ते दाखवायचं होतं. त्यातून काही फार चांगलं निघालं. आणि अंधार म्हणजेच गांभीर्य, अशी एक समजूतही निघाली. ती २०१८ साली ‘सेक्रेड गेम्स’ आणि ‘मिर्झापूर’बरोबर आपल्याकडे येऊन ठेपली. आता ती तुमच्या फळ्यावर बसली आहे.

पण त्या फळ्यावर एक नाव नाही, ते लिही. ‘ट्विन पीक्स’, १९९०. पाण्याच्या काठी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं मुलीचं प्रेत सापडतं, तिथून ती मालिका सुरू होते. तुझ्या टाकीतल्या प्रेताची ही आजी समज. तिचा पहिला भाग पुन्हा लाव आणि कागद घेऊन बस. आई सकाळी मुलीला हाका मारते, उत्तर नाही, फोन लावत सुटते. बाप कामाच्या ठिकाणी तिच्याशी फोनवर बोलत असताना समोरून शेरीफ येताना दिसतो. बापाला कळतं. पलीकडे आईला कुणी काही सांगितलेलं नसतं, तरी ती किंचाळते. शाळेत एक खुर्ची रिकामी असते, तिच्याकडे बघूनच मैत्रिणीला समजतं. मुख्याध्यापक ध्वनिक्षेपकावरून बातमी सांगायला लागतात आणि त्यांना रडू आवरत नाही. अख्खं गाव रडतं त्या भागात. पुढे पस्तीस वर्षं जगभरच्या मालिकांनी काय उचललं? प्लास्टिक उचललं. रडणं तिथेच राहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. हिंसा दाखवू नकोस असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला घरचं कुणी नाही, अशी गोष्ट मात्र लिहू नकोस.

‘आपली संस्कृती सात्त्विक आणि तिकडची राक्षसी’ हे भाषण मी देणार नाही. ज्यांच्या घरी श्रावणात ‘पांडवप्रताप’ वाचला जातो, त्यांनी तरी ते देऊ नये. भीम दुःशासनाचं रक्त पितो, ते आपल्या आजीनं जेवणाच्या पंगतीआधी ऐकलंय. मराठी रंगभूमीही गुळमुळीत नव्हती. तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’त साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरनं हरकत घेतली, तेव्हा डाग निळा झाला, आणि तसं प्रेक्षकांना आधी सांगून डॉ. लागूंनी प्रयोग केले. घरातली माणसं एकमेकांचे लचके तोडताहेत याला हरकत नाही, रंगाला हरकत! याच तेंडुलकरांनी पुढे नेहरू फेलोशिप घेऊन समाजातल्या वाढत्या हिंसेचा अभ्यास केला. ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ त्यांनी लिहिले ते त्यानंतर. तेव्हा अंधाराची भीती आपल्या लेखकांना कधीच नव्हती.

तू महाभारत अनुवादातून वाचलंयस ना? मग दहावं आणि अकरावं पर्व लागोपाठ वाच. दहावं सौप्तिक. अश्वत्थामा रात्री छावणीत शिरतो आणि झोपलेल्यांना मारतो. धृष्टद्युम्न म्हणतो, निदान शस्त्रानं मार, तर तेही नाही, लाथांनी मारतो. द्रौपदीची पाचही मुलं त्या रात्री जातात. तुमच्या फळ्यावरच्या कुठल्याही मालिकेनं तोंडात बोट घालावं इतकं ते क्रूर आहे. आणि व्यास तिथे थांबत नाहीत, लगेच स्त्रीपर्व येतं. बायका रणांगणावर येतात. कुणी शिर उचलते, जवळच्या धडाला लावून बघते, आणि हे माझ्या माणसाचं नव्हे म्हणून पुढे जाते. भूरिश्रव्याची बायको त्याचा तुटलेला हात मांडीवर घेऊन बसते. गांधारी एकेकाचं नाव घेत जाते, आपल्यांचं आणि परक्यांचंही.

तुला ट्विस्ट हवा असतो ना? महाभारतातला केवढा मोठा ट्विस्ट व्यासांनी कुठे ठेवलाय बघ. मेलेल्यांना पाणी द्यायची वेळ येते तेव्हा कुंती युधिष्ठिराला सांगते, कर्णालाही दे, तो तुझा थोरला भाऊ होता. लढाईत नाही सांगितलं, सुतकात सांगितलं. खुनात लपवण्यासारखं फारसं काही नसतं, बाई. घराघरांत जे दडलेलं असतं, ते माणूस गेल्यावर बाहेर पडतं.

२०२२ सालचं वसईच्या मुलीचं प्रकरण आठवतं? दिल्लीत तिचा खून झाला. आरोपीनं ‘डेक्स्टर’ बघून युक्ती घेतली, असं पोलिसांच्या हवाल्यानं सगळीकडे छापून आलं. मालिका बघून माणूस खुनी होतो, यावर माझा विश्वास नाही. लाखो लोक ती बघून दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं ऑफिसला जातात. पण त्या दिवसांत आपल्या बातम्यांनी काय केलं? प्रेत ज्यात ठेवलं तो फ्रिज किती लिटरचा होता, हे घराघरांत पाठ झालं. चहाच्या टपरीवर माणसं ते सांगत होती. ती मुलगी काय काम करायची, आईच्या मागे बापाशी तिचं कसं जमायचं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. बातमी सांगायची पद्धतच आपण त्या मालिकांकडून उचलली. हे मला खुन्यानं युक्ती उचलण्यापेक्षा जास्त लागतं, कारण खुनी एक असतो आणि टपरीवर आपण सगळे असतो.

मग आपल्या शेजारच्या केज तालुक्यातलं मस्साजोग. २०२४ च्या ९ डिसेंबरला सरपंचांना पळवून नेऊन मारलं. मारणाऱ्यांनी मारता-मारता फोटो आणि व्हिडिओ काढले. आरोपपत्रातले ते फोटो २०२५ च्या मार्चमध्ये बाहेर आले, दुसऱ्या दिवशी बीड बंद, मंत्र्याचा राजीनामा. ते फोटो माझ्याही मोबाइलवर आले. तीन-तीन ग्रुपवर आले, खाली हात जोडलेली चिन्हं. राग येणं रास्त होतं, त्या रागानंच खटल्याला जोर आला, हे मी नाकारत नाही. पण सायली, त्या फोटोंत कॅमेरा कुणाच्या हातात होता? मारणाऱ्याच्या. आपण सगळ्यांनी तो प्रसंग मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. त्या सरपंचांच्या घरात शाळा-कॉलेजात जाणारी लेकरं होती. तुझ्या चार पानांत कॅमेरा कुठे ठेवलायस, ते परत वाच. ‘तिच्या डोळ्यांतली भीती त्याला दिसते’ असं लिहिलंयस. त्यालाच दिसते. आपल्याला त्याच्या खांद्यावरून.

‘सैराट’चा शेवट आठव. नागराज मंजुळे करमाळ्याचा, लातूरहून फार लांबचा नाही. माहेरची माणसं हैदराबादला येतात, भेटी घेऊन. आर्ची चहा करते. त्यांच्या हातांत कप असतात. मग काय झालं ते आपल्याला दाखवतच नाहीत. शेजारणीबरोबर गेलेलं पोर परत येतं, आवाज बंद होतो, आणि ते लहानगं रक्तातून चालत बाहेर पडतं. नांदेडच्या थिएटरात मी ते बघितलं तेव्हा शिट्ट्या मारणारी पोरं दिवे लागले तरी जागची उठेनात. तार, नखं, झाकण यातलं काहीच तिथे नव्हतं. आणि तुमच्या वरच्यांना गल्ल्याचीच भाषा कळत असेल तर सांग की याच मराठी सिनेमानं शंभर कोटींच्या वर धंदा केला. उलट बाजूला ‘एक व्हिलन’ घे. बाभळगावचा आपला रितेश त्यात स्क्रूड्रायव्हरनं बायका मारत सुटतो. काम त्यानं सुंदर केलंय, लातूरकरांनी कौतुकही केलं. पण नायिका सोडली तर मेलेल्या एका तरी बाईचं नाव कुणाला आठवतं का, विचारून बघ.

आता किल्लारीच्या भूकंपाचं थोडं सांगतो. तुझ्या आईनं तुला कधी सांगितलं नसेल, ती तो विषय काढत नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमाराला. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर माळवदाचं ओझं, ते सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, कॉलेजच्या पोरांना घेऊन गेलो. प्रेतांचं मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, तुलाही सांगणार नाही. पाऊस लागून राहिला होता आणि लाकडं पेटत नव्हती, एवढंच.

माझ्या डोळ्यांपुढून जात नाही ते वेगळंच. एका गावात तलाठी पत्र्याखाली टेबल टाकून मेलेल्यांची यादी करत होता. एक म्हातारा त्याला नावं सांगत होता, घरातली सगळी. मधेच तो थांबला. सर्वांत धाकट्या नातीचं नाव त्याला येईना. बारसं झालं नव्हतं, घरात तिला नुसती ‘चिमी’ म्हणायचे. तलाठी म्हणाला, ‘चिमीच लिहितो, काका.’ म्हातारा म्हणाला, ‘तसं नका लिहू, सरकारी कागद आहे, चांगलं नाव लिहा.’ आणि मग ते दोघं मिळून मेलेल्या पोरीसाठी नाव शोधत बसले. मागे रांग उभी होती, कुणी घाई केली नाही. रस्त्याच्या कडेला मदतीच्या कपड्यांचे ढीग पडलेले, त्यात नऊवारी नेसणाऱ्या बायांसाठी कुणी कुणी गाऊन आणि स्वेटर पाठवलेले. फुटलेल्या बळदातली ज्वारी भिजून तिला मोड आले होते, त्याचा आंबूस वास. एक बाई त्यातली ज्वारी निवडत होती. कुणासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

असल्या गोष्टी तुला कुठल्या फळ्यावर मिळणार नाहीत.

म्हणून टाकीकडे पुन्हा ये. लातुरात टाकी म्हणजे काय, हे तुला कुणी शिकवायला नको. २०१६ च्या मार्चमध्ये पाणी भरायच्या जागांभोवती १४४ कलम लावलं होतं, भांडणं होतात म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, १० वाघिणी, ५ लाख लिटर. तू तेव्हा शाळेत होतीस, घागर घेऊन रांगेत उभी राहिलेली. आता विचार कर. ज्या हॉस्टेलच्या टाकीत प्रेत सापडलं, त्या टाकीचं पाणी सकाळपासून सव्वाशे मुलींनी वापरलंय. टाकी रिकामी करून धुवायला पाहिजे. टँकरचे पैसे कोण देणार? मालक, की मुलींच्या घरचे? त्यावर तिथे भांडण होईल. माणूस गेलेला असताना पाण्याच्या पैशावरून भांडण होईल, आणि भांडणारी माणसं वाईट नसतील. तुमच्या वरच्यांना अंधार हवाय ना? घ्या म्हणावं.

आणि मुलीचा बाप आण. मुखेड तालुक्यातला ठेव, दोन एकर कोरडवाहू, सोयाबीन. त्याला फोनवर ‘मुलगी आजारी आहे, या’ एवढंच सांगितलेलं. तो एसटीनं निघतो. वाटेत त्याला सगळं समजत जातं, की समजूनही तो समजून घेत नाही, हे तू ठरव. लातूरला उतरल्यावर तो सवयीनं तिच्यासाठी काही विकत घेतो का, तेही तूच ठरव. सरकारी दवाखान्याच्या शवागाराबाहेर त्याला पाच-सहा तास बसव. शेजारी दुसऱ्या कुणाचे नातेवाईक असतील, ते त्याला डब्यातली भाकरी देतील. मग क्लासची भरलेली फी. ती परत मागायची की नाही? मागितली तर लोक काय म्हणतील, न मागितली तर सावकाराला काय द्यायचं? खोलीतल्या मुलींची रविवारी टेस्ट आहे. एकीला त्या गेलेल्या मुलीच्या वहीतल्या नोट्स हव्या आहेत, आणि त्या मागायच्या कशा, म्हणून ती रात्रभर जागी आहे. मेसचा डबा दुसऱ्या दिवशीही तिच्या नावानं येतो, मावशींना कुणी कळवलंच नाही. तुझ्या मावशी फार छान उतरल्या आहेत, हा प्रसंग त्यांच्याकडे दे.

खुनी शोधू दे की पोलिसांना, मी कुठे नको म्हणतोय. रहस्यकथा मला आवडतात, बाबुराव अर्नाळकर मी पुस्तकात लपवून वाचलेत. पण तो सापडेल तेव्हा मला त्याचं बालपण ऐकायचं नसेल, त्या बापाला काय वाटतं ते ऐकायचं असेल.

तू म्हणशील, मामा, मी तिथे सगळ्यांत खालची आहे, माझं कोण ऐकतं. खरंय. पहिल्यांदा सांगितल्यावर ऐकणार नाहीत. पोटापाण्यासाठी त्यांच्या सांगण्यावरून ती चार पानं ठेवावी लागली, तरी मी तुला नावं ठेवणार नाही. मुंबईत भाडं भरायचं असतं. पण शवागाराबाहेरचा प्रसंग लिहून जवळ ठेव. या मालिकेत नाही तर दुसऱ्या कुठे येईल. आणि मुलीला आधी गाव, आडनाव आणि मार्क दे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

मुखेडहून लातूरला पहाटे पहिली गाडी किती वाजता सुटते, ते मी डेपोत विचारून ठेवतो. ती जांबमार्गे जाते की दुसरीकडून, तेही विचारतो, म्हणजे वाटेतले थांबे तुला बरोबर घालता येतील. नात्यातला एकजण सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता. पोस्टमॉर्टेमनंतर कुठला कागद कुणाच्या सहीनं मिळतो, हे त्याला तोंडपाठ आहे. राखीपौर्णिमेला तू लातूरला येणारच आहेस, तेव्हा एक दिवस काढून नांदेडला ये, त्याला घरी बोलावतो. येताना दुसरा भाग छापूनच आण. त्या झेरॉक्सवाल्याकडे मला पुन्हा जायचं नाही.

मामीचे आशीर्वाद. आईला फोन करत जा.

तुझा,
मामा